ईव्ही घेताना : जास्त वेग की मोठी चाकं?

नव्या ईव्हीवर एकच अपग्रेड परवडत असेल, तर? अमेरिकेत टेस्लाच्या ‘मॉडेल ३ लाँग रेंज’च्या ग्राहकांपुढे हा पेच होता. १९ इंची चाकं १,५०० डॉलरना. डिसेंबर २०१९ मध्ये २,००० डॉलरचं ‘ॲक्सिलरेशन बूस्ट’ आलं. निव्वळ सॉफ्टवेअर, ताशी ६० मैलांचा वेग ४.४ ऐवजी ३.९ सेकंदांत.

चाकं देखणी, पण रेंज खातात. २०२२ च्या गाडीला १८ इंचीवर ३५८ मैल, १९ इंचीवर ३३४. शिवाय टायरची भिंत बुटकी, म्हणजे खड्ड्यात रिमलाच दणका. बूस्ट मात्र गाडी घरी आल्यावरही ॲपवरून घेता येतं. त्यामुळे बुकिंग करताना १८ इंचीच बरी. त्यांवरची प्लास्टिकची झाकणं डोळ्यांत खुपली, तर काढता येतात. रेंज किंचित घटते, एवढंच.