उम्म अल कुवैनचं तिवर : खाऱ्या पाण्यात श्वास घेणारं झाड



दुबई-शारजाच्या गर्दीतून शनिवारची सुटका हवी असेल तर आपल्यापैकी बरेच जण डबे भरून उम्म अल कुवैन गाठतात. तासाभराचा रस्ता, शांत खाडी, मुलांना पाण्यात खेळायला जागा. गेल्या हिवाळ्यात आम्हीही गेलो होतो. ओहोटीची वेळ होती. चिखलातून वर आलेली हजारो बोटभर टोकं पाहून मुलगा म्हणाला, "बाबा, इथे पेन्सिली कोणी पेरल्या?" मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात भारतातून आलेली आई म्हणाली, "अरे, हे तर आपलं तिवर! अलिबागला खाडीत हेच असतं."

आईचं बरोबर होतं. शास्त्रीय नाव ॲव्हिसेनिया मरिना. मानखुर्दहून वाशीला जाताना लोकलच्या खिडकीतून खाडीकाठी जी हिरवी दाटी दिसते, तिच्यात सगळ्यात जास्त हीच जात असते. अरबीत त्याला 'कुर्म' म्हणतात. अमिरातीच्या किनाऱ्यावरची नैसर्गिक खारफुटी म्हणजे जवळजवळ सगळं हेच एक झाड. कोकणात त्याच्या शेजारी कांदळ, चिप्पी असे बरेच भाऊबंद असतात. इथे ते एकटं आहे. का, ते पुढे येईलच.

नावाची गोष्ट

'ॲव्हिसेनिया' हे नाव इब्न सिना या थोर वैद्य-तत्त्वज्ञावरून आलं. त्याचा काळ इ. स. ९८० ते १०३७. युरोपात त्याला 'ॲव्हिसेना' म्हणत. या झाडाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं पीटर फोर्स्कोल या स्वीडिश तरुणाने. लिनियसचा हा शिष्य डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या मोहिमेबरोबर अरबस्तानात आला होता. स्थानिक लोक झाडाला 'शूरा' म्हणत, म्हणून त्याने तेच नाव लॅटिन करून घेतलं. १७६३ मध्ये येमेनमध्ये तापाने तो गेला. त्याचा सहकारी कार्स्टन नीबुर तिथून जहाजाने थेट मुंबईला पोचला, घारापुरीची लेणी पाहून त्यांची चित्रं काढली, आणि पुढे १७७५ मध्ये मित्राच्या वनस्पतींच्या नोंदी छापून प्रसिद्ध केल्या. आज घारापुरी बेटाच्या किनाऱ्यावर उभं आहे तेही तिवरच!

मिठाचा बंदोबस्त

खुल्या समुद्रात एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. इथल्या आखातात ४० च्या वर, आणि उथळ खाडीत उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. कोकणच्या तिवराला पावसाळ्यात वरून धो धो गोडं पाणी मिळतं, नद्याही ते आणून सोडतात. उम्म अल कुवैनला नदी नाही, आणि वर्षभराचा पाऊस मुंबईत एखाद्या दिवशी पडतो तेवढाच. बाकीच्या भाऊबंदांना हे झेपत नाही. खारेपणा आणि थंडी दोन्ही सोसण्यात तिवर त्या सगळ्यांना भारी आहे.

हे त्याला जमतं कसं? आम्हा संगणकवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर त्याने सुरक्षेचे दोन थर ठेवले आहेत. पहिला थर मुळांचा. पाणी आत घेताना बहुतेक मीठ तिथेच अडवलं जातं. तरी जे आत शिरतं, त्यासाठी दुसरा थर पानांचा. पानांवरच्या बारीक ग्रंथी खारट द्रव बाहेर टाकतात. तो वाळला की पानावर मिठाचे कण चमकतात. पान न तोडता बोट फिरवून जिभेला लावून बघा, मुलांना हा प्रयोग फार आवडतो. पानाची खालची बाजू राखाडी दिसते, कारण तिथे बारीक लव असते. तिच्यामुळे पाण्याची वाफ कमी उडते. एवढं करूनही मिठाशी झगडण्यात बरीच ताकद जाते, म्हणून इथली झाडं कोकणातल्यापेक्षा ठेंगणी राहतात.

पेन्सिली कशासाठी?

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. खाडीच्या चिखलात वरचा पातळ थर सोडला तर हवा नसते. साधं झाड लावलं तर मुळं गुदमरून ते मरेल. तिवराची मुळं जमिनीखाली आडवी पसरतात आणि ठरावीक अंतरावर एकेक टोक सरळ वर काढतात. ती आपली पेन्सिल. तिला श्वसनमूळ म्हणतात. तिच्या सालीवर सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून हवा आत जाते, पाणी जात नाही.

भरतीला छिद्रं पाण्याखाली गेली की मुळातला प्राणवायू हळूहळू वापरला जातो. तयार होणारा कार्बन डायऑक्साईड पाण्यात विरघळून जातो. त्यामुळे आतला दाब कमी होतो. ओहोटीला टोकं उघडी पडली की ताजी हवा आपोआप आत ओढली जाते. पेर शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये हे मोजून दाखवलं. म्हणजे भरती-ओहोटी हाच या झाडाचा श्वास!

तिवराचं बीही मोठं गमतीचं. फळ झाडावर असतानाच आत कोंब वाढू लागतो. फळ पडतं, पाण्यावर तरंगतं, साल गळते, आणि योग्य चिखल लागला की थोड्याच दिवसांत रोप मूळ धरतं. पण पहिले काही आठवडे ते फार नाजूक असतं. एका चपलेखाली सहज चिरडतं.

त्याच्या आश्रयाला कोण?

उम्म अल कुवैनची जुनी वस्ती, अस-सिनिया बेट आणि मुख्य किनारा यांच्या मधल्या उथळ खाडीत, म्हणजे खोर अल बैदाच्या परिसरात, ही झाडी आहे. तिच्यात मासे नि खेकड्यांची पिल्लं लपून वाढतात. आपल्याकडे जिताडा आणि कोळंबीलाही खारफुटीच सांभाळते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर हिवाळ्यात काळा-पांढरा क्रॅब प्लोव्हर खेकडे टिपताना दिसतो. रोहित पक्षीही येतात. सिनिया बेटावर सोकोत्रा पाणकावळ्यांची फार मोठी वसाहत आहे.

मरतं कशाने?

हे झाड मीठ, ऊन, भरती सगळं सोसतं. फक्त श्वसनमुळं झाकली गेली की संपतं. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजं एकमेकांवर आदळली, शेकडो टन तेल सांडलं आणि ते तिवरांच्या मुळांवर जाऊन बसलं. प्लास्टिकचा कचरा हळूहळू तेच करतो. पण सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे भराव. त्यासाठी कुऱ्हाड लागत नाही. डबर आणून टाकलं किंवा बांध घालून भरतीचं पाणी अडवलं की झाड उभ्या उभ्या मरतं.

२६ जुलै २००५ आपण कोणीच विसरणार नाही. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाऊस अफाट होताच, पण मिठी नदीकाठची तिवरं भरावाखाली गेल्यामुळे पाण्याला पसरायला जागाही उरली नव्हती. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडायला मनाई केली, आणि २०१८ च्या निकालात ती कायम झाली. २०१२ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. योगायोग असा की युनेस्कोने जाहीर केलेला खारफुटी संवर्धन दिनही २६ जुलैलाच असतो. इकडे अमिरातीने २०३० पर्यंत दहा कोटी खारफुटीची झाडं लावण्याचा संकल्प २०२१ मध्ये जाहीर केला.

परत निघताना आई म्हणाली, "आम्ही त्याला चिखलातलं रान म्हणायचो. कोणी कापलं, बुजवलं तर विचारतसुद्धा नव्हतो." मला वाटतं, आपल्यापैकी बऱ्याच जणांचं तसंच आहे. तिकडे नाक दाबून ज्याच्याजवळून गेलो, तेच इथे पैसे भरून होडीतून बघतो.

तर पुढच्या सहलीला एवढं नक्की करा. भरतीची वेळ बघून जा आणि झाडी होडीतूनच बघा. ओहोटीला चिखलात उतरलात तर पेन्सिलींपासून दूर चाला. पिशव्या-बाटल्या परत आणा. आणि मुलांना त्या झाडाचं आपलं नावही सांगा. तिवर. सुट्टीत गावी गेल्यावर खाडीकाठी ते त्यांना ओळखता आलं पाहिजे.