आवळा थोर की कोथिंबीर?

गावात चार माणसे जमली की वाद निघतो. कुणी म्हणतो, "आवळ्यासारखं फळ नाही." दुसरा म्हणतो, "अहो, रोजच्या जेवणात आवळा कुठं असतो? कोथिंबीरच खरी." वाद रंगतो, पण निकाल लागत नाही. कारण निकाल लावायला मापे लागतात. ती मापे आज आपण पाहू.

वाचक बंधूभगिनींनो, आता तुम्हाला अक्षरे येतात आणि आकडेही येतात. मग ऐकीव गोष्टीवर का भिस्त ठेवायची? आपला हिशोब आपणच करू या.

हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. आपल्या देशातल्या धान्यात, भाज्यांत आणि फळांत काय काय सत्त्व असते ते तिथले लोक तपासतात. त्यांनी २०१७ साली तक्ते छापले. त्यातले आकडे आम्ही खाली देत आहोत. आकडे सोपे जावेत म्हणून थोडे गोळाबेरीज केले आहेत. सगळे आकडे १०० ग्रॅमचे आहेत. मिलिग्रॅम म्हणजे काय? एका ग्रॅमचे हजार वाटे करा. त्यातला एक वाटा म्हणजे एक मिलिग्रॅम.

क जीवनसत्त्व : आवळ्यात सुमारे २५० मिलिग्रॅम, कोथिंबिरीत सुमारे २४.

लोह : आवळ्यात सुमारे १ मिलिग्रॅम, कोथिंबिरीत सुमारे ५.

कॅल्शियम, म्हणजे हाडांना लागणारा चुना : आवळ्यात सुमारे २० मिलिग्रॅम, कोथिंबिरीत सुमारे १४५.

अ जीवनसत्त्व ज्यापासून बनते ते कॅरोटीन : आवळ्यात नाममात्र, कोथिंबिरीत भरपूर.

जुन्या पुस्तकांत आवळ्याच्या क जीवनसत्त्वाचा आकडा ६०० दिलेला आढळतो. त्याने गोंधळून जाऊ नका. झाडाची जात, फळाची पक्वता, तोडल्यावर गेलेले दिवस, यांवर आकडा बदलतो. लहान आकडा धरला तरी आवळा संत्र्याच्या पाचपट भरतो.

आता ही सत्त्वे करतात काय, ते पाहू.

क जीवनसत्त्व नसेल तर हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते, दात हलतात, जखमा लवकर भरत नाहीत. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. पूर्वी महिनोन् महिने समुद्रावर राहणारे खलाशी या रोगाने पटापट मरत. त्यांना ताजे फळ वा भाजी मिळत नसे. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या इंग्रज जहाजावरच्या वैद्याने एक प्रयोग केला. त्याने बारा आजारी खलाशी निवडले आणि त्यांच्या सहा जोड्या केल्या. प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. एका जोडीला संत्री आणि लिंबे दिली. आठवड्याच्या आतच त्या जोडीला चांगला उतार पडला. बाकीच्यांना तसा उतार पडला नाही. हे फळातल्या क जीवनसत्त्वामुळे झाले, हे पुढे जवळजवळ दोनशे वर्षांनी लोकांना नीट कळले.

मोठ्या पुरुषाला रोज सुमारे ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते, बाईला सुमारे ६५. एका मध्यम आवळ्याचा गर तीस-चाळीस ग्रॅम भरतो. त्यात ७५ ते १०० मिलिग्रॅम सत्त्व आले. म्हणजे एक आवळा खाल्ला की त्या दिवसाची गरज भागली! या बाबतीत आवळा थोर, यात शंका नाही.

आता कोथिंबिरीचे पाहू. हिरव्या पाल्यातले कॅरोटीन पोटात गेले की त्याचे अ जीवनसत्त्व होते. ते डोळ्यांना लागते. ते फार कमी पडले की संध्याकाळ झाल्यावर दिसेनासे होते. त्याला आपण रातांधळेपणा म्हणतो. चुना हाडांना लागतो. लोह रक्ताला लागते. या तिन्ही बाबतींत कोथिंबीर वरचढ.

पण थांबा. इथे एक मेख आहे. हे आकडे १०० ग्रॅमचे आहेत. आपण कोथिंबीर खातो किती? आमटीवर चिमूटभर भुरभुरवतो. ती पाच ग्रॅम भरली तर डोक्यावरून पाणी! तेवढ्यात लोह येते पाव मिलिग्रॅम. ते शोभेपुरतेच. वाटीभर चटणीतून पंचवीस ग्रॅम कोथिंबीर पोटात गेली, तर सव्वा मिलिग्रॅम लोह मिळते आणि कॅरोटीनही चांगले मिळते. म्हणून सत्त्व किती आहे एवढेच विचारू नये. आपण खातो किती, हेही विचारावे.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती नीट वाचा.

२०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर घरोघर पाहणी केली. आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षांच्या शंभर बायकांपैकी सुमारे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. निम्म्याहून जास्त! अशा बाईला जिना चढताना धाप लागते, शेतात वाकले की डोळ्यांपुढे अंधारी येते. बाळंतपणात तिच्या जिवाला धोका होतो. मूलही कमी वजनाचे होऊ शकते. आपण मात्र म्हणतो, "तिची प्रकृतीच नाजूक." प्रकृती नाजूक नाही, तिच्या ताटात लोह कमी आहे.

बाईला रोज सुमारे २९ मिलिग्रॅम लोह अन्नातून यावे लागते. १०० ग्रॅम बाजरीच्या पिठात सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते. मटकी, चवळी, तीळ, अळीव, पालेभाज्या यांतही असते. पण धान्य-भाजीतले लोह अंगी लागायला मोठे अवघड. बरेचसे तसेच बाहेर पडते. घरात पाहुणा आला, पण दाराला कडी, तशी गत.

ही कडी काढते कोण? क जीवनसत्त्व! भाकरी-भाजीबरोबर, त्याच जेवणात, आंबट ताजे फळ खाल्ले तर त्या अन्नातले लोह जास्त अंगी लागते. सकाळी आवळा आणि रात्री भाकरी, असे करून हा फायदा होत नाही. दोन्ही एकाच पंगतीला बसले पाहिजेत.

आणि दाराला कडी घालते कोण? चहा. जेवणावर लगेच चहा प्यायला तर लोह अंगी कमी लागते. चहा सोडा असे आम्ही म्हणत नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा, एवढेच.

तेव्हा आपल्या वादाचा निकाल काय लागला? आवळ्यात क जीवनसत्त्व आहे, लोह नाही म्हटले तरी चालेल. कोथिंबिरीत लोह आहे, पण ते अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत हवी. एक बैल दुसऱ्यापेक्षा थोर, असे गाडीवान म्हणत नाही. तो दोन्ही बैल जुंपतो. आपणही दोन्ही जुंपू या.

त्याची रीत सोपी आहे. दोन आवळे घ्यावेत, बिया काढाव्यात. दोन मुठी कोथिंबीर स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवावी. ही कच्ची खायची आहे, म्हणून धुण्यात हयगय नको. आधी धुवावी, मग चिरावी. चिरून पाण्यात टाकली तर सत्त्व पाण्याबरोबर जाते. कोवळे देठ टाकू नयेत. त्यात मिरची, लसूण, जिरे, मीठ आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे घालून पाट्यावर वाटावे. शेंगदाणे चवीपुरते नाहीत बरं का. कॅरोटीन अंगी लागायला थोडी स्निग्धता लागते, ती त्यांतून मिळते. चटणी शिजवू नये, कारण आचेने क जीवनसत्त्व कमी होते. रोजची रोज करावी. बिनकल्हईच्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात ठेवू नये, आंबटाने ती कळकते. काचेचे वा चिनी मातीचे भांडे बरे.

आवळे कार्तिकापासून माघापर्यंत मिळतात. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवायची आपली जुनी चाल आहेच. मोसम संपला की लिंबू वापरावे, पेरू खावा. मोरावळ्यात साखर फार असते, मधुमेह असणाऱ्याने तो जपून खावा.

यात पैसा किती लागतो? परसात एक कलमी आवळा लावला तर तीन-चार वर्षांत फळ धरतो. धणे रगडून दोन फाकी करा, वाफ्यात पेरा, स्वच्छ पाणी द्या. सव्वा-दीड महिन्यात कोथिंबीर खुडायला येते. दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरली तर ताटात खंड पडत नाही. बाजारच्या रंगीत बाटलीला याहून कितीतरी जास्त पैसे पडतात.

एक इशारा देतो. ज्या बाईच्या अंगात रक्त फार कमी आहे, तिचे काम नुसत्या चटणीवर भागणार नाही. आशाताईंना सांगून रक्त तपासून घ्यावे. लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या सांगितल्याप्रमाणे नेमाने घ्याव्यात. गोळी चहाबरोबर घेऊ नये. लिंबाच्या पाण्याबरोबर घेतलेली बरी. अन्न हे अन्न आणि औषध हे औषध. दोन्हींची जागा वेगळी.

आणि शेवटी पुरुष मंडळींना दोन शब्द. आपल्याकडे घरची बाई सगळ्यांच्या मागून जेवते. तोवर चटणीची वाटी पुसलेली असते, भाजी तळाला गेलेली असते. म्हणजे घरात ज्या माणसाला लोह सर्वांत जास्त लागते, त्यालाच सर्वांत कमी मिळते! हा हिशोब कुठल्याही शाळेत चुकीचाच धरतील. तो दुरुस्त करायला दमडी लागत नाही. सर्वांनी एकत्र जेवायला बसावे. ते जमत नसेल, तर तिचा वाटा आधी काढून झाकून ठेवावा. आज रात्रीपासूनच हे करता येईल.