सव्वा महिन्याचं रडणं

राहू परिसरातल्या आमच्या गटांच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की बोलणं लेकराबाळांवर येतं. नव्या बाळंतिणी विचारतात, "दिवस मावळला की बाळ रडायला लागतं, काही केल्या राहत नाही. माझं काही चुकतंय का?" आज त्याबद्दलच बोलू.

बाळाचं रडणं साधारण दुसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. सहावा आठवडा म्हणजे आपला सव्वा महिना उलटतो तो काळ. नेमकी तेव्हाच बाळंतिणीची मालीश थांबते, ती पुन्हा चुलीकडे, गोठ्याकडे लागते. बाळ रडलं की घरात कोणी म्हणतं दूध पुरत नाही, कोणी म्हणतं दृष्ट लागली. तिलाही ते खरं वाटतं आणि बाटली सुरू होते. बाटलीने पोट भरलं की बाळ अंगावर कमी पितं, आणि बाळ कमी प्यायलं की दूध खरोखरच आटतं.

म्हणून दूध पुरतंय का, हे रडण्यावरून ठरवू नका. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसभरात सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. ४२ वा दिवस म्हणजे बरोबर सहा आठवडे. त्या दिवशी वजन करून घ्या आणि मनातलं सगळं विचारा.

बाळ रडलं की आधी अंगावर घ्या. लंगोट ओला आहे का, उकडतंय का, थंडी वाजतेय का, ते बघा. तरी राहिलं नाही तर उघड्या छातीशी धरून वरून पदर घ्या, हळू आवाजात गुणगुणा, अंगणात फिरवा. टीव्ही बंद करा. पाहुण्यांच्या हातोहात बाळ फिरवू नका.

हे एकट्या आईचं काम नाही. सासूबाईंनी, बाळाच्या वडिलांनीही पाळी घ्यावी. कधी जीव अगदी वैतागला, तर बाळाला उताणं, सपाट जागी ठेवा आणि पाच-दहा मिनिटं ओट्यावर जाऊन बसा. त्यात पाप नाही. पण रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवू नका. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

सहा महिने फक्त आईचं दूध द्या. गुटी, ग्राइपवॉटर, वरचं पाणी नको. मध तर वर्षाच्या आत चाटवूच नका. धुरीच्या धुराने बाळाचा श्वास कोंडतो, तीही नको. झोपवताना उताणं झोपवा, तोंडाजवळ उशी-गोधडी नको.

मात्र बाळ दूध ओढेनासं झालं, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास जोरात चालला, छाती आत ओढली जाऊ लागली, झटका आला किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर घरी उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करून लगेच दवाखाना गाठा.

नाहीतर हे दिवस सरतात, बायांनो. तोवर गटातल्या प्रत्येकीने शेजारच्या बाळंतिणीकडे एक चक्कर टाकावी. "दूध पुरत नाही वाटतं" असं म्हणण्याऐवजी, "आण इकडे, मी घेते जरा, तू पड घटकाभर" असं म्हणावं.