विश्लेषण : किटकॅटचा आकार हरला, व्होडकाची बाटली जिंकली, वस्तूच्या आकारावर मालकी कधी सांगता येते?

नाव वेगळे, कंपनी वेगळी, पण बाटली सारखीच दिसते. अशा वेळी पहिल्या कंपनीला काही करता येते का? मुंबई उच्च न्यायालयासमोर हा प्रश्न आला होता. जर्मनीच्या ‘गोर्बाचोव्ह’ व्होडकाची बाटली रशियन वास्तुकलेतील कांद्याच्या आकाराच्या घुमटांवरून घडवलेली. भारतातील जॉन डिस्टिलरीज या कंपनीने ‘सॅल्यूट’ नावाची व्होडका तिच्याशी मिळत्याजुळत्या बाटलीत आणली. मे २०११ मध्ये न्या. धनंजय चंद्रचूड यांनी त्या बाटलीच्या वापराला अंतरिम मनाई केली. व्होडका भरायला घुमटाची काहीच गरज नसते. तो आकार केवळ कल्पनेतून आलेला आहे आणि त्यावरून माल कुणाचा ते कळते, हा मुद्दा निर्णायक ठरला.

आकारही ट्रेडमार्क असतो?

असतो. १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झालेल्या ट्रेडमार्क कायद्याने (१९९९) वस्तूचा आकार, तिचे वेष्टन आणि रंगांची जुळणी यांना ट्रेडमार्कच्या व्याख्येत जागा दिली. ब्रिटनमध्ये १९८६ साली कोका-कोलाच्या प्रसिद्ध बाटलीलाही ‘बाटली म्हणजे चिन्ह नव्हे’ म्हणून तेथील सर्वोच्च न्यायपीठाने नोंदणी नाकारली होती. तिथला कायदा १९९४ मध्ये बदलला.

मात्र आपल्या कायद्याच्या कलम ९ मध्ये तीन कुंपणे आहेत. मालाच्या स्वरूपातूनच येणारा आकार, तांत्रिक परिणाम साधण्यासाठी आवश्यक असलेला आकार आणि वस्तूला भरीव मूल्य देणारा आकार यांची नोंदणी होत नाही. इथे ‘आमचा आकार घरोघरी माहीत आहे’ हा युक्तिवादही चालत नाही. शब्द किंवा चित्र प्रसिद्धीच्या जोरावर पुढे नोंदणीस पात्र ठरू शकते. या तीन कुंपणांना तशी फट ठेवलेली नाही.

ही कुंपणे कशासाठी?

उत्तर मुदतीत आहे. पेटंट २० वर्षांनी संपते. डिझाइनची नोंदणी १० वर्षांची, वाढवून १५. ट्रेडमार्क मात्र दर १० वर्षांनी शुल्क भरून पिढ्यानपिढ्या चालवता येतो. उपयोगी आकारावर ट्रेडमार्क दिला, तर पेटंट संपल्यावर जो शोध सर्वांसाठी खुला व्हायचा, तो मागच्या दाराने कायमचा बंद होईल.

लेगोचे नेमके हेच झाले. ठोकळ्यावरच्या गोल गुंड्यांमुळे एक ठोकळा दुसऱ्यात बसतो. पेटंट संपल्यावर लेगोने त्या आकारावर युरोपीय ट्रेडमार्क मिळवला, प्रतिस्पर्ध्याने आव्हान दिले आणि सप्टेंबर २०१० मध्ये युरोपीय न्यायालयाने ठोकळ्याच्या विरोधात कौल दिला. गंमत म्हणजे लेगोच्याच चिमुकल्या बाहुल्याचा ट्रेडमार्क २०१५ मध्ये टिकला. त्याचे रूप कोणत्याही तांत्रिक कामासाठी अपरिहार्य असल्याचे सिद्ध झाले नाही.

मग किटकॅट का हरले?

व्यवस्थापकांनी बारकाईने पाहावे असे हे प्रकरण आहे. १९३५ पासून बाजारात असलेल्या चॉकलेटच्या चार बोटांच्या आकारावर, त्यावरचे नाव वगळून, नेस्लेने २०१० मध्ये ब्रिटनमध्ये अर्ज केला. कॅडबरीने विरोध केला. पाहणीत नुसते चित्र दाखवल्यावर किमान निम्म्या लोकांनी ‘किटकॅट’ म्हणून ओळखले. एवढे पुरेसे वाटेल. पण मे २०१७ मध्ये अपील न्यायालयानेही नकारच दिला.

आकार पाहून ब्रँड आठवणे वेगळे आणि हा आकार म्हणजे अमुकच कंपनीचा माल, अशी खात्री वाटणे वेगळे, असे न्यायालयाचे म्हणणे. किटकॅट अपारदर्शक वेष्टनात विकले जाते आणि बोटांवर नाव उमटवलेले असते. दुकानात ग्राहक हात घालतो तो लाल कागद आणि नाव पाहून. आकार दिसतो पैसे दिल्यावर! कंपनीने जाहिरातीत आकारावर भर दिला नसेल, तर ऐंशी वर्षांची लोकप्रियताही कामी येईलच असे नाही.

भारतीय उद्योजकाची गल्लत कुठे होते?

बहुधा क्रमात. नवी बाटली, डबा किंवा खेळणे तयार झाले की आधी छायाचित्र समाजमाध्यमांवर झळकते आणि वकिलाची आठवण नंतर होते. पण डिझाइन कायद्यात (२०००) नवेपणा ही अट आहे. अर्जापूर्वीच आकार जगजाहीर झाला तर नोंदणीचा हक्क सहसा जातो. ट्रेडमार्कचे बरोबर उलट: आकार जितका वापरात, जितका लोकांच्या नजरेत, तितका दावा बळकट. म्हणून बाजारात उतरण्याआधी डिझाइनचा अर्ज, आणि ती १५ वर्षे आकाराची ओळख रुजवण्यासाठी, असा हिशेब बसतो. ‘बाटलीच बघा’ असे सांगणाऱ्या जाहिराती, विक्रीची बिले, जाहिरातखर्चाचे हिशेब हे सारे सुरुवातीपासून जपावे लागते. पुढे पुरावा तोच.

एकाच वेळी दोन्ही नोंदण्या मात्र मिळत नाहीत, कारण डिझाइनच्या व्याख्येतून ट्रेडमार्क वगळला आहे. मग डिझाइन नोंदवलेल्या आकाराची नक्कल झाल्यास ‘आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवला’, म्हणजे ‘पासिंग ऑफ’चा दावा करता येतो का? क्रॉक्सने बाटा, लिबर्टी आदी कंपन्यांविरुद्ध असे दावे केले होते. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी ते २०१९ मध्ये फेटाळले. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने तो निर्णय फिरवला आणि दावे ऐकण्याजोगे ठरवले. नक्कल झाली की नाही, हा त्यापुढचा प्रश्न.

अर्जात काय द्यावे लागते?

२०१७ च्या नियमांनुसार त्रिमितीय चिन्हाची तीन वेगवेगळ्या बाजूंनी चित्रे किंवा छायाचित्रे. तेवढ्याने समाधान न झाल्यास निबंधक आणखी पाच बाजू आणि शब्दांत वर्णन मागू शकतात. प्रसंगी वस्तूचा नमुनाही. ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. नोंदणीनंतर सलग पाच वर्षे आणि तीन महिने वापरच केला नाही, तर प्रतिस्पर्धी ते चिन्ह नोंदवहीतून काढायला लावू शकतो.