निकालपत्राचा पत्ता

व्ही. व्ही. चितळे यांनी १९१४ साली ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ सुरू केले आणि नागपूरच्या या प्रकाशनाचे खंड पुढे देशभरातल्या वकिलांच्या कपाटांत रांगेने उभे राहिले. निकाल वाचायचा तर ‘एआयआर’ घेणारा वकील गाठायचा, नाहीतर बार लायब्ररी. आपल्या दाव्यात कोणता जुना निकाल आडवा आला, हे पक्षकाराला वकील सांगेल तेवढेच कळे. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल खालच्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक असतो, म्हणजे तो कायदाच. तरीही तो वाचण्यासाठी वर्गणी भरावी लागे, आणि विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत अनेक देशांत हीच तऱ्हा होती.

अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात पीटर मार्टिन आणि थॉमस ब्रूस यांनी १९९२ साली ही कोंडी फोडली. कायदे व निकाल इंटरनेटवर फुकट ठेवायचे, एवढाच त्यांचा बेत होता. विंडोजवर चालणारा ब्राउझर तेव्हा नव्हता, म्हणून ब्रूस यांनी ‘चेलो’ नावाचा ब्राउझर स्वतःच लिहून काढला.

मात्र या कल्पनेला खरी व्याप्ती दिली ती सिडनीने. ग्रॅहम ग्रीनलीफ आणि अँड्र्यू मोब्रे या कायद्याच्या प्राध्यापकांनी १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे कायदे व निकाल फुकट देणारी ‘ऑस्टली’ उभी केली. तिचे ‘सिनो’ हे शोधयंत्र मोब्रे यांनीच लिहिले. निकालांच्या ढिगाऱ्यातला शब्द न् शब्द शोधता यावा, हा त्यामागचा आग्रह. या मंडळींनी आपले तंत्र स्वतःपुरते राखले नाही. ब्रिटन आणि आयर्लंडचे निकाल देणारी ‘बेली’ त्यांच्याच मदतीने २००० साली सुरू झाली. वानुआतूची राजधानी पोर्ट व्हिला इथून चालणारी ‘पॅकली’ हे तर या कामाचे सर्वांत मोलाचे फळ म्हणावे लागेल. तुवालू, किरिबाटी, नाउरू अशा चिमुकल्या बेटांचे निकाल छापून विकणे कोणत्या प्रकाशकाला परवडणार? आज ते कुठूनही वाचता येतात. २००२ साली माँट्रियलमध्ये अशा संस्थांनी एकत्र येऊन जाहीरनामा काढला: कायद्याची माहिती ही मानवजातीची सामाईक ठेव आहे. ‘वर्ल्डली’वर या साऱ्या देशांचा साठा एकाच ठिकाणी चाळता येतो.

भारतात हे काम एकट्या संगणक अभियंत्याने केले. आयआयटी कानपूर आणि मिशिगन विद्यापीठात शिकलेल्या सुशांत सिन्हा यांनी जानेवारी २००८ मध्ये ‘इंडियन कानून’ सुरू केले. निकाल तेव्हाही सरकारी संकेतस्थळांवर होते, पण शोधणे जिकिरीचे होते. सिन्हांच्या यंत्राने कायद्याची कलमे सुटी केली आणि कोणत्या निकालात कोणते कलम आले आहे ते जोडून दिले. आज तालुक्याचा नवशिका वकीलही युक्तिवादाची तयारी तिथूनच सुरू करतो. त्याच सुमारास, डिसेंबर २००७ मध्ये, ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निकालाच्या मूळ मजकुरावर प्रकाशकाला हक्क सांगता येत नाही. त्याने स्वतःच्या बुद्धीने घातलेली भर तेवढी त्याची. जानेवारी २०२३ पासून न्यायालयाने स्वतःचे अधिकृत निकालसंग्रहही ‘ई-एससीआर’वर मोफत दिले आहेत. ही गोष्ट फार आधी व्हायला हवी होती.

सगळीकडे मात्र वाट सरळ नाही. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांतली बहुतेक कागदपत्रे ‘पेसर’ या त्यांच्या संकेतस्थळावर अजूनही पानाला १० सेंट मोजून मिळतात. चीनने २०१४ पासून निकाल इंटरनेटवर टाकणे बंधनकारक केले, साठा १० कोटींच्या पुढे गेला आणि नंतर हात आखडता घेतला.

खुलेपणाचा काच कुणाला बसतो, हेही पाहायला हवे. ‘ऑस्टली’ आपले निकाल गुगलसारख्या शोधयंत्रांना उघडे करत नाही. शोधायचे तर तिच्या दारातून आत यावे लागते. ‘इंडियन कानून’ने ते दार उघडे ठेवले. अमली पदार्थांच्या खटल्यातून निर्दोष सुटलेल्या एका माणसाचे नाव गुगलवर त्या निकालासकट येई आणि नोकरी मिळेना. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो निकाल शोधयंत्रांपासून झाकण्याचा अंतरिम आदेश दिला. निकाल जागेवर राहू द्यावा आणि नुसते नाव टाकून तो कुणाच्याही हाती लागू नये, ही सिडनीची रीत जास्त माणुसकीची आहे.

महाराष्ट्रापुढचा प्रश्न वेगळा आहे. न्यायालयांच्या ‘ई-कोर्ट्स’ संकेतस्थळामुळे पक्षकाराला १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक टाकून पुढची तारीख घरबसल्या कळते; नुसत्या तारखेसाठी कोर्टाची फेरी मारावी लागत नाही. तालुका न्यायालयाचे मराठी निकालपत्रही तिथे मिळते, पण दाव्याचा क्रमांक, पक्षकाराचे नाव किंवा आदेशाची तारीख ठाऊक असेल तर. वहिवाटीच्या रस्त्याबद्दल किंवा सामाईक विहिरीच्या पाण्याबद्दल शेजारच्या तालुक्यात काय ठरले, हे मराठी शब्द टाकून धुंडाळण्याची सोय त्या शोधखिडकीत नाही. ‘सिनो’ने इंग्रजी निकालांसाठी हे काम १९९५ सालीच करून दाखवले होते.