जुना संगणक दुरुस्त करण्यापूर्वी : मदरबोर्डवरील चिपसेटची ओळख

चिंचोटीच्या नाक्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्गास कामण-भिवंडीकडील रस्ता मिळतो. चिपसेट म्हणजे काय, हे तेथील मुलास सांगावयाचे झाल्यास या नाक्याचाच दाखला द्यावा. संगणकात प्रोसेसर मुख्य खरा. परंतु हार्ड डिस्क, यूएसबी, ध्वनी यांची बहुतेक ये-जा ज्या चिपमधून होते ती चिपसेट होय. नाक्यास किती रस्ते मिळावयाचे व ते किती रुंद, हे बांधतानाच ठरते. मागाहून वेगवान मोटार घेतल्याने रस्ता रुंदावत नाही.

देणगीदाखल आलेल्या संगणकांत इंटेलच्या एच ६१, एच ८१ व एच ११० या चिपसेट मला वारंवार आढळल्या. तिन्हींत डिस्कसाठी चार साटा जोडण्या असतात. २०११ च्या एच ६१ मध्ये त्या सर्व ३ गिगाबिट वेगाच्या असून यूएसबी ३ ची सोय चिपसेटमध्ये नाही. २०१३ च्या एच ८१ मध्ये दोन जोडण्या ६ गिगाबिटच्या व यूएसबी ३ दोन. २०१५ च्या एच ११० मध्ये चारही ६ गिगाबिटच्या व यूएसबी ३ चार.

तरीही एच ६१ चा संगणक टाकाऊ समजू नये. त्यास साधी साटा एसएसडी बसविल्यास तो पुष्कळ लवकर सुरू होतो, कारण फिरत्या तबकडीवर माहिती शोधण्यात जाणारा वेळ वाचतो. महागडी, अतिवेगवान एसएसडी मात्र तेथे व्यर्थ होय.

खरा धोका प्रोसेसर बदलण्यात आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणून एका शाळेने लोकवर्गणीतून तसा प्रोसेसर आणून एच ११० च्या बोर्डावर बसविला. तो बसला, कारण सॉकेट दोहींकडे एलजीए ११५१ च आहे. पण संगणक सुरू झाला नाही. त्या पिढीस एच ३१० सारखी ३०० मालिकेतील चिपसेट लागते. दुकानदाराने माल परत घेतला नाही. ती पावती मी स्वतः पाहिली आहे.

तेव्हा शिक्षकबंधुभगिनींनी खरेदीपूर्वी संगणकातील ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ उघडून ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ ही ओळ पाहावी. बोर्डाच्या नावातच चिपसेटचे नाव बहुधा असते. ते जडसंग्रह नोंदवहीत संगणकाच्या क्रमांकापुढे लिहावे व दुकानात जाताना उतरवून न्यावे.