पूजा बॉनेटची, उपेक्षा इंजिनाची

दसरा आला की आमच्या देवासला घरोघरी गाड्या धुतल्या जातात. बॉनेटवर हळदकुंकू, वर झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. पवारांच्या राज्यात माळव्यात येऊन रुजलेली आमची मराठी घराणी ही रीत अजून पाळतात. मात्र बॉनेट उघडून आत डोकावणारा विरळाच. मीही त्यातलाच होतो.

काही वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली गोष्ट. बाबांना घेऊन मी धारला ताईकडे गेलो होतो. रात्री त्यांच्या छातीत दुखू लागले. इंदूर तिथून साठेक किलोमीटर. निम्म्या वाटेवर गाडीचा काटा लाल रेषेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ येऊ लागली. मागे बाबांचा हात धरून बसलेली ताई विचारत होती, "अरे, गाडी का थांबवलीस?" मला उत्तर देता येईना. अखेर एका जीपवाल्याने आम्हाला दवाखान्यात पोचवले. बाबा वाचले, पण माझी मान खाली गेली ती गेलीच.

मिस्त्रींनी रेडिएटर उघडला तेव्हा आत तपकिरी गाळ आणि पांढऱ्या क्षारांचे थर होते. "पाणी कुठलं भरता?" त्यांनी विचारले. "घरच्या बोअरचं," मी म्हणालो. ते नुसते हसले. देवासला पाण्याची कहाणी सांगावी लागत नाही. एप्रिल १९९० मध्ये या गावासाठी इंदूरहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. पुढे जो तो खोल बोअर खणत गेला. असे जड पाणी तापले की क्षार नळ्यांत बसतात आणि इंजिनाची उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून रेडिएटरमध्ये कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे मिश्रण घालावे, बहुधा निम्मे-निम्मे. त्याने गंज टळतो आणि उकळबिंदूही वाढतो. इंजिन गरम असताना झाकण मात्र कधीही उघडू नये, वाफेने चेहरा भाजतो.

तेलाचा धडा मला धर्मपुरीला नर्मदेच्या घाटावर मिळाला. एक नावाडीकाका रोज सकाळी डिझेल इंजिनाची पट्टी काढून, पुसून, पुन्हा बुडवून पाहत. तेल दुधासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले, हे त्यांना शाळेत न जाता ठाऊक होते. "रस्त्यात गाडी बंद पडली तर माणूस उतरतो. धारेत कुठं उतरणार?" ते म्हणाले. डिझेलच्या फिल्टरमध्ये साचलेले पाणीही ते नेमाने काढून टाकत.

मोटारीचेही तेच. गाडी सपाट जागी लावावी, इंजिन बंद करून पाचेक मिनिटे थांबावे आणि पट्टीवरच्या दोन खुणांमध्ये तेल आहे ना, ते पाहावे. तेल वंगण देते, तसेच उष्णता आणि काजळीही वाहून नेते. तो मळ ऑइल फिल्टर अडवतो. म्हणून तेल नवे घालताना फिल्टरही नवा हवा. किती किलोमीटरला, ते गाडीच्या पुस्तिकेत असते. गाडी कमी चालत असली तरी वर्षातून एकदा तेल बदलावेच. आमच्या काळ्या मातीच्या धुळीत एअर फिल्टर लवकर चोंदतो, त्यामुळे तो मुदतीआधीच तपासावा. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. सर्वसाधारणपणे दोन वर्षांनी ते बदलतात. मांडूच्या घाटात उतरताना याची किंमत कळते.

आणि काढलेले जुने तेल गटारात ओतू नका. ते डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या, नाहीतर शेवटी ते नदीलाच मिळते.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बॉनेट उघडतो. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसतात आणि पट्टी स्वतः पाहतात. माझ्यावर अजून त्यांचा पुरता भरवसा नाही!